टिकून राहण्याचे पैसे

साडेचार वर्षं एका कंपनीत काढून कुणी राजीनामा दिला, की घरातलं वडीलधारं माणूस हमखास विचारतं, "अरे, अजून सहा महिने थांबला असतास तर ग्रॅच्युइटी पदरात पडली असती ना?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर हिशोबाने देता येतं. १९७२ च्या कायद्याने घातलेली पाच वर्षांची अट नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम कर्मचाऱ्यांसाठी तशीच राहिली आहे. पाच वर्षं पूर्ण झाली की सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. महिना २६ दिवसांचा धरतात आणि पगार म्हणजे शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता.

समजा आपल्या माणसाचा एकूण पगार ८०,००० आणि त्यातला मूळ पगार ४०,००० आहे. पाच वर्षांची ग्रॅच्युइटी होते साधारण १,१५,३८५ रुपये. आता दुसरी बाजू बघू. बाहेरून तीस टक्के वाढीची ऑफर आहे आणि इथेच राहिलं तर आठ टक्के वाढ मिळणार आहे. बाहेर १,०४,००० आणि इथे ८६,४००, म्हणजे महिन्याला १७,६०० चा फरक. सहा महिने थांबण्याची किंमत झाली १,०५,६००. शिवाय ग्रॅच्युइटीवर वीस लाखांपर्यंत कर नाही, वाढीव पगारावर मात्र आहे. थोडक्यात, त्या वडीलधाऱ्या माणसाचं बरोबर निघालं. पण थोडक्यात, आणि ती ऑफर सहा महिने दारात उभी राहणार असेल तरच. हाच माणूस तीन वर्षांवर असता आणि ग्रॅच्युइटीसाठी दोन वर्षं थांबला असता, तर लाखभर रुपयांपायी त्याने चार लाखांवर पाणी सोडलं असतं.

(चार वर्षं आणि पाचव्या वर्षातले २४० दिवस भरले तर पाच वर्षं झाली असं मानावं, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला होता. प्रत्येक कंपनी तो आपणहून मानते असं मात्र नाही. राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी एचआरकडून लेखी उत्तर घ्यावं.)

एका जागी टिकावं की दर दोन-तीन वर्षांनी स्विच मारावा, हा वाद आपल्याकडे निष्ठा आणि लोभ यांच्या भाषेत चालतो. एका पिढीला धरसोड दिसते, दुसरीला गुलामगिरी. मला हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो: टिकून राहण्याचे पैसे कुणी द्यायचे, किती आणि केव्हा? हे पैसे एकेकाळी खरोखर दिले जात. ते कसे, हे आधी समजून घ्यायला हवं.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ एडवर्ड लझिअर यांनी १९७९ मध्ये एका शोधनिबंधात विचारलं, की सक्तीची निवृत्ती असतेच कशासाठी? माणूस कामाला योग्य असेल तर कंपनी त्याला ठरावीक वय झालं म्हणून का घालवते? त्यांचं उत्तर असं. तरुणपणी कामगाराला त्याच्या कामाच्या मोलापेक्षा कमी पगार मिळतो, उतारवयात मोलापेक्षा जास्त. सुरुवातीचा तोटा शेवटच्या वर्षांत भरून निघतो. मधेच सोडून गेलात, किंवा कामचुकारपणामुळे काढलं गेलात, तर तुमची शिल्लक बुडाली. म्हणून माणूस टिकतो आणि नेटाने काम करतो. मात्र मोलापेक्षा जास्त पगार कंपनी अनंत काळ देऊ शकत नाही, म्हणून कुठेतरी निवृत्तीची रेघ मारावी लागते.

आपल्या ग्रॅच्युइटीचं सूत्र नेमकं याच विचाराचं आहे. तीस वर्षं एका जागी काढून एक लाख मूळ पगारावर निवृत्त झालेल्याला सतरा लाख तीस हजारांच्या आसपास मिळतात, कारण पहिल्या वर्षाचे पंधरा दिवससुद्धा शेवटच्या पगाराने मोजले जातात. दर पाच वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याचे पंधरा दिवस त्या-त्या वेळच्या पगाराने मोजले जातात. दर चार वर्षांनी बदलणाऱ्याचे मोजलेच जात नाहीत. सरकारी नोकरीतली जुनी पेन्शन तर या व्यवहाराचं सर्वांत ठसठशीत रूप होतं. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन समोर दिसत असताना तिशीतल्या कमी पगाराचं कुणाला फारसं काही वाटत नसे.

या करारात एक गृहीत मात्र लपलेलं आहे. तुमची शिल्लक परत देण्याच्या वेळी समोरचा जागेवर असला पाहिजे, आणि त्याची नियतही टिकून असली पाहिजे.

मुंबईच्या गिरणगावाने हे गृहीत कोसळताना पाहिलं. गिरणीत बदली कामगार म्हणून नाव लागलं, की रोज दारात जाऊन उभं राहायचं. कायम कामगार गैरहजर असेल तर त्या दिवसाचं काम मिळायचं, नाहीतर घरी परत. अशी वर्षं काढल्यावर माणूस परमनंट व्हायचा. मराठी घरांत या शब्दाला जे वजन आलं, ते या दारातल्या उभं राहण्यातून आलं. परमनंट झालेला कामगार गिरणी बदलायचा विचारही करत नसे. करायचा कशाला, दुसऱ्या गिरणीत पुन्हा बदलीपासून सुरुवात. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या आजारी पडल्या, बंद झाल्या, आणि लोअर परळच्या जमिनींवर मॉल आणि कार्यालयं उभी राहिली. वीस-वीस वर्षं मागावर उभं राहिलेल्या माणसाची ज्येष्ठता त्या गिरणीच्या हजेरीपटाबाहेर कवडीमोल ठरली. त्याने कराराची आपली बाजू पुरी केली होती.

अशा नुकसानाचं मोजमाप परदेशात झालेलं आहे. जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन या तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या, मंदीत नोकरी गेलेल्या जुन्या कामगारांचा माग काढला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, पाच-सहा वर्षं उलटल्यावरही या लोकांची कमाई नोकरी न गेलेल्यांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी होती. कारण अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांच्या जुन्या मांडणीत सापडतं. माणूस कामावर दोन प्रकारचं कसब शिकतो. एक सगळीकडे चालतं: वेल्डिंग, हिशोब, जावा, इंग्रजीत पत्र लिहिणं. दुसरं त्या एकाच कंपनीत चालतं: कुठल्या मशीनची कुठली खोड आहे, कुठल्या साहेबाकडून फाइल लवकर सुटते, पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेली संगणकप्रणाली कुठे अडते. दुसऱ्या प्रकारच्या कसबाचा पगार फक्त तीच कंपनी देते. कंपनी गेली की ते कसबही गेलं.

म्हणून एकाच जागी राहणाऱ्याने दर वर्षी स्वतःला एक कोरडा प्रश्न विचारावा: मी यंदा जे शिकलो, त्यातलं किती या गेटबाहेर चालेल? उत्तर सलग दोन-तीन वर्षं 'फारसं नाही' असं येत असेल, तर पगार कितीही वाढत असो, धोका वाढतोय.

आता आजच्या हिंजवडीकडे, पुण्याच्या आयटी पट्ट्याकडे या. इथे उलटा नियम चालतो. आतल्यांना वर्षाला एक आकडी वाढ, आणि त्याच टेबलावर त्याच कामासाठी बाहेरून येणाऱ्याला तीस-चाळीस टक्के हाईक. राहणाऱ्याला हा अपमान वाटतो, आणि तो आहेच. पण कंपनी हे मूर्खपणाने करत नाही. बाहेरच्या माणसाबद्दल कंपनीला फक्त कागद माहीत असतो. कागद चांगला असेल तर त्याची पूर्ण बाजारभावाने किंमत मोजावी लागते. आतला माणूस सहज हलणार नाही हे ठाऊक असतं: घर जवळ, मुलांची शाळा जवळ, मॅनेजर ओळखीचा. न हलण्याची सवलत तोच कंपनीला देत असतो. व्हार्टनचे मॅथ्यू बिडवेल यांनी एका गुंतवणूक बँकेतल्या नोंदी तपासल्या तेव्हा बाहेरून आणलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे अठरा टक्के जास्त पगार दिसला. गंमत म्हणजे पहिली दोन वर्षं याच लोकांची कामगिरी कमी भरली आणि त्यांना काढून टाकण्याचं प्रमाणही जास्त होतं. महागडा पाहुणा घरच्यापेक्षा चांगला असतोच असं नाही. पण पाहुण्याची किंमत ठरवायला बाजार असतो, घरच्याची ठरवायला फक्त अप्रेझलचा फॉर्म.

२०२२ मध्ये हा बाजार शिगेला पोहोचला. जूनच्या तिमाहीत इन्फोसिसमधून वर्षभरात सोडून गेलेल्यांचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. त्याच वर्षी टीसीएसमध्येही ते २१ टक्क्यांच्या वर होतं. हातात तीन-तीन ऑफर लेटर घेऊन लोक चौथ्याशी घासाघीस करत होते. नंतर पाणी ओसरलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या-वरच्या फळीतले अनुभवी लोक प्रामुख्याने होते. जी कंपनी 'इथे नोकरी लागली म्हणजे निवृत्तीपर्यंत चिंता नाही' म्हणून वधूवर मेळाव्यात भाव खात होती, तिच्याबद्दलची ही बातमी होती. लझिअरच्या करारातली परतफेडीची वेळ आली आणि समोरच्याने हिशोब नव्याने मांडला.

सरकारनेही तो मांडलाच. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्या महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाकारली गेली. मार्च २०२३ च्या संपात ते रस्त्यावर आले ते याच शिल्लक रकमेसाठी.

मग बदलत राहावं? वयाचा मुद्दा इथे येतो, आणि त्यावर माझं मत बऱ्यापैकी ठाम आहे. टोपेल आणि वॉर्ड यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की अमेरिकी तरुण पुरुष कामाच्या पहिल्या दहा वर्षांत सरासरी सात नोकऱ्या करत आणि त्या काळातल्या एकूण पगारवाढीचा सुमारे एक तृतीयांश भाग नोकरी बदलण्याच्या क्षणी मिळत असे. पंचविशीत माणसाला आपण कशात बरे आहोत हे माहीत नसतं आणि मालकालाही नसतं. दोन-तीन ठिकाणी हात घातल्याशिवाय ते कळत नाही. पुढे त्याच अमेरिकेतही लोक स्थिरावतात. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या पंचवीस ते चौतीस वयाच्या कामगारांचा सध्याच्या मालकाकडचा मध्यक काळ २.७ वर्षं होता, तर पंचावन्न ते चौसष्ट वयाच्यांचा ९.६ वर्षं. सतत उड्या मारणारा अमेरिकन हे आपण सिनेमातून घेतलेलं चित्र आहे.

तरुणपणी बदलणं म्हणजे धरसोड नव्हे. तो शोध आहे. पण चौदा महिन्यांची सलग चार ठिकाणं झाली की शोधाचं रूप बदलतं. पहिले तीन-चार महिने जागा समजून घेण्यात जातात, शेवटचे तीन नोटीस पीरियडमध्ये. मधल्या सात-आठ महिन्यांत घेतलेल्या निर्णयाचे परिणाम पाहायला हा माणूस तिथे नसतोच. आपण बांधलेलं दोन पावसाळ्यांनी गळतंय की नाही हे ज्याने कधी पाहिलं नाही, त्याच्या अनुभवाची वर्षं मोजायची कशी? मुलाखत घेणाऱ्याला बायोडेटात हेच खटकतं. तो तुमची निष्ठा तपासत बसत नाही.

नोकरी बदलणारे स्वतःचं सर्वांत मोठं नुकसान मात्र वेगळ्याच ठिकाणी करतात. नोकरी सोडली की पीएफ काढायचा, ही सवय. मधे दोन महिने रिकामे असतात, मोटरसायकलचे हप्ते थकलेले असतात, खात्यात लाखभर दिसतात. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो. तोच नव्या कंपनीच्या खात्यात वर्ग केला, तर आधीची सेवाही धरली जाते आणि पाच वर्षं तुटत नाहीत. पेन्शनचा भाग तर आणखी नाजूक. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात, तेही १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त महिना १,२५०. पेन्शनसाठी किमान दहा वर्षं सेवा लागते आणि ती वेगवेगळ्या मालकांकडची मिळून चालते. सूत्र सोपं आहे: गेल्या साठ महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. वीस वर्षं पूर्ण झाली तर दोन वर्षं वाढवून मिळतात.

रक्कम मोठी नाही. पस्तीस वर्षांची सेवा धरूनही ती महिन्याला आठ हजारांच्या आतच राहते. पण चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतल्या ऑपरेटरला म्हातारपणी तेवढाच नियमित आधार असतो. तो दर तीन-चार वर्षांनी पेन्शनचे पैसेही काढून घेत आला आणि प्रत्येक वेळी घड्याळ शून्यावर नेत राहिला. पन्नाशीत बघतो तर बावीस वर्षं राबून खात्यावर सेवा चार वर्षांची. नोकऱ्या बदलल्याने हे झालं नाही, एक फॉर्म भरल्याने झालं. (१ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच १५,००० पेक्षा जास्त मूळ पगारावर लागलेले या पेन्शन योजनेत येतच नाहीत. तेव्हा हिंजवडीच्या बहुतेक नव्या मुलांना हा मुद्दा लागू नाही.)

त्याच चाकणमध्ये, भोसरीत, रांजणगावात असे हजारो लोक आहेत ज्यांना 'राहू की बदलू' हा प्रश्न विचारण्याची सोयच नाही. २४० दिवस भरले की कायम होण्याचा दावा करता येतो, म्हणून सात महिन्यांनी ब्रेक. मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर पुन्हा हजर. कामगारांना कायमपणापासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवणं, ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्यात अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. तरी ब्रेक चालूच आहेत. यांच्या बायोडेटावर आठ नोकऱ्या दिसतात, आणि पांढरपेशा एचआर त्यांना 'अस्थिर' म्हणतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. सात महिन्यांच्या ब्रेकवाल्याला एक वर्षही लांबच, हे वेगळं सांगायला नको.

सोडून जाण्याचा हक्क कायद्याने किती आहे, याची कथा रंजक आहे. न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी एकोणिसाव्या शतकात दिवाणी कायद्याचा एक मसुदा तयार केला. न्यूयॉर्कने तो स्वीकारला नाही. पण त्यातलं एक कलम, कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल समजावा, हे १८७२ मध्ये कॅलिफोर्नियाने उचललं, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने भारतीय करार कायद्यात कलम २७ म्हणून घातलं. सिलिकॉन व्हॅलीत अभियंते रस्त्यापलीकडच्या प्रतिस्पर्ध्याकडे बिनदिक्कत जाऊ शकत, आणि त्यातूनच तो प्रदेश वाढला, असं रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या अभ्यासकाने पुढे मांडलं. कलम तेच आपल्याकडेही आहे.

पण आपल्या न्यायालयांनी त्यात एक भेद केला. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीने टायरकॉर्डच्या कारखान्यासाठी परदेशी तंत्रज्ञान आणलं आणि एका शिफ्ट सुपरवायझरला पाच वर्षांच्या करारावर प्रशिक्षण दिलं. तो मधेच सोडून जास्त पगारावर कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: कराराच्या मुदतीत दुसरीकडे जायचं नाही अशी अट चालते. नोकरी संपल्यानंतरची बंदी मात्र कलम २७ मध्ये अडकते. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अटही न्यायालयाने वैध ठरवली. थोडक्यात, 'दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' या कलमाला घाबरायचं फारसं कारण नाही, पण सही केलेल्या बाँडची रक्कम खरी असते. व्यवहारात माणसाला अडवतो तो कायदा नव्हे. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड आणि हातात न पडणारं रिलीव्हिंग लेटर अडवतं.

पगार, कायदा, पेन्शन या सगळ्यापलीकडे उरतो तो प्रश्न कसबाचा: आपण चांगलं काम करतो त्यात आपला वाटा किती आणि भोवतालच्या माणसांचा किती? हार्वर्डचे बोरिस ग्रॉइसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरच्या १,०५२ नामांकित शेअर विश्लेषकांच्या कारकिर्दी तपासल्या. कंपनी बदलल्यावर यांतल्या अनेकांचं काम लक्षणीय घसरलं आणि बराच काळ सावरलं नाही. ज्याला ते स्वतःची हुशारी समजत होते, त्यात मागच्या कंपनीची माहितीयंत्रणा, सहकारी आणि एकमेकांची सवय यांचा मोठा भाग होता. आपली टीम घेऊन गेलेले त्यामानाने सावरले.

एक गट मात्र फारसा घसरला नाही: स्त्रिया. ग्रॉइसबर्ग यांचं स्पष्टीकरण असं, की त्या कार्यालयांत आतली पुरुषी वर्तुळं त्यांच्यासाठी पुरेशी उघडी नव्हती. त्यामुळे त्यांनी आपले संबंध बाहेर बांधले: ग्राहकांशी आणि ज्यांचा अभ्यास करायचा त्या कंपन्यांशी. नोकरी बदलताना हे संबंध त्यांच्यासोबत गेले. शिवाय नवी जागा निवडताना त्यांनी पगाराच्या आकड्यापलीकडचे प्रश्न पुरुषांपेक्षा जास्त विचारले: इथे माझ्या कामाचं मोजमाप कसं होईल, माझ्यासारख्या किती जणी इथे वर पोहोचल्या आहेत. आपल्याकडे नवऱ्याची बदली, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण अशा कारणांनी नोकरी सोडावी लागलेल्या बाईच्या बायोडेटातल्या खंडांकडे एचआर संशयाने पाहतो. तिला एखादा प्रश्न विचारायचाच असेल, तर तुमच्याबरोबर कोणती माणसं आणि कोणतं काम इथवर आलं, हा विचारावा. आणि तिनेही समोरच्याला उलट विचारावं, की या कंपनीत पाच वर्षं पूर्ण करणाऱ्या बायका किती आहेत.